पॉपिन्समध्ये एवढं आहे तरी काय?

अर्धचंद्र (धागाकर्ता)

नव्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक, क्लासची जाहिरात, पैसे पाठवायचं ॲप, मंडळाची इन्स्टावरची पोस्ट. कुठेही बघा, तोच गोलगरगरीत पॉपिन्स फॉन्ट. आधी फक्त इंग्रजी मजकुरात दिसायचा, आता मराठी मथळेही त्यातच.

वर्तुळ आणि सरळ रेषेवर उभे केलेले हे ‘भूमितीय’ सॅन्स सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेले) फॉन्ट डिझायनरांना इतके का आवडतात? पॉपिन्स खरोखर चांगला आहे म्हणून वापरतात, फुकट आहे म्हणून, की यादीत वर दिसतो म्हणून? आणि मुख्य शंका: त्याची देवनागरी मराठीसाठी कितपत चालते? एका संस्थेची सोळा पानी स्मरणिका पूर्ण पॉपिन्समध्ये लावायचा प्रस्ताव आलाय. हो म्हणावं का?

टिंब

फुकट आहे. धागा बंद करा.

मात्राबाई

टिंब, एवढं सोपं असतं तर मॉन्सेरात, रॅलवे, जोसेफिन सॅन्स, क्विकसँड, नुनिटो हे सगळेही तितकेच फुकट आहेत. सगळे गूगल फॉन्ट्सवर, सगळे भूमितीय किंवा त्या वळणाचे. तरी मराठी कामात पॉपिन्सच का शिरला, याचं उत्तर त्या यादीतच आहे: यातल्या एकातही देवनागरी नाही. मॉन्सेरात निवडून मराठी टाइप केलंत तर अक्षरं दिसतात, पण ती मॉन्सेरातची नसतात. ती त्या यंत्रातल्या दुसऱ्याच फॉन्टची असतात: विंडोजवर निर्मला यूआय किंवा जुन्या यंत्रावर मंगल, आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. एकच पान तीन यंत्रांवर तीन तऱ्हांनी दिसतं आणि ग्राहक विचारतो, ‘फॉन्ट का बदलला?’

पॉपिन्स अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, २०१४चा. त्याची लॅटिन (म्हणजे इंग्रजीची) अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची आणि देवनागरी निनाद काळे यांची. सुरुवातीला लाइट ते बोल्ड अशी पाच वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, होती. आता थिनपासून ब्लॅकपर्यंत नऊ आणि प्रत्येकाचं तिरपं रूप, म्हणजे एकूण अठरा. भूमितीय वळणाची देवनागरी इतक्या वजनांत एकत्र त्याआधी मिळत नव्हती. तेव्हा ‘फुकट’ हे उत्तर अर्धंच.

जुळारी

जरा खानदान पाहून घेऊ. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे फ्युचरा. पॉल रेनरने रेखाटला, फ्रँकफुर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीने १९२७मध्ये बाजारात आणला. त्याच काळात जर्मनीत एर्बार आणि काबेल हेही आले, म्हणजे हवाच तशी होती. रेनरच्या पहिल्या आराखड्यांत काही अक्षरं फार हट्टी होती. लहान ‘आर’ म्हणजे एक उभी दांडी आणि तिच्या शेजारी नुसता ठिपका! भूमिती म्हणून चोख, वाचायला कठीण. विक्रीच्या मुख्य संचात शेवटी साधा ‘आर’ राहिला.

पुढे १९७०मध्ये हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेस यांचा आव्हां गार्ड, १९८८मध्ये ॲड्रियन फ्रुटिगरचा अव्हेनिर, २०००मध्ये टोबायस फ्रेअर-जोन्सचा गॉथम. गॉथमची प्रेरणा न्यूयॉर्कच्या इमारतींवरची जुनी अक्षरं, काम जीक्यू मासिकासाठी, आणि जगभर नाव झालं ते ओबामांच्या २००८च्या प्रचारामुळे. मॉन्सेरातही असाच, ब्वेनोस आइरेसच्या त्या नावाच्या वस्तीतल्या जुन्या पाट्यांवरून हुलिएता उलानोव्स्कीने केलेला.

प्रत्येक पिढीला हा प्रकार ‘आजचा’ वाटत आलाय. कारण त्यात हाताची खूण दिसत नाही. टाकाने लिहिलेलं अक्षर कुठल्या तरी काळाचं आणि प्रदेशाचं असतं. वर्तुळावर तसा शिक्का नसतो. चंद्रावर १९६९मध्ये अपोलो ११ने ठेवलेली पट्टीही फ्युचरातच आहे.

काटकोन

जुळारीकाका, ‘हाताची खूण दिसत नाही’ हे मान्य, पण हात असतोच. फक्त लपवलेला असतो.

कुठल्याही ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. ५०० एकक उंचीचा चौकोन काढा, शेजारी ५०० व्यासाचं वर्तुळ. वर्तुळ लहान दिसतं. ते चौकोनाएवढं दिसायला वर-खाली साधारण १० एकक बाहेर काढावं लागतं, म्हणजे उंचीच्या एक-दोन टक्के. आता त्या वर्तुळाला सगळीकडे ८० जाडीची रेषा द्या. वरचा आणि खालचा भाग बाजूंपेक्षा जाड वाटेल, कारण आडवी रेषा डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते. म्हणून उभी ८० तर आडवी ७२-७४ ठेवतात. मग वर्तुळाला दांडी जोडा, म्हणजे ‘बी’ किंवा ‘पी’ होईल. जोडावर काळा गोळा दिसेल. तो घालवायला वर्तुळाची रेषा दांडीजवळ येताना बारीक करावी लागते. वजन वाढलं की ही बारकाई आणखी वाढवावी लागते, नाहीतर बोल्डमध्ये जोड बुजतात.

फ्युचराचा ‘ओ’ कंपासने काढलेला वाटतो, प्रत्यक्षात नाही. मोठ्या ‘ए’ आणि ‘एन’ची टोकं तर ओळीच्या बाहेर बरीच घुसलेली असतात. नुसत्या कंपासने काढलेले हौशी फॉन्ट आणि हे फॉन्ट यांत फरक आहे तो या दुरुस्त्यांचा. डिझायनरला कारण सांगता येत नाही, पण एक ‘स्वच्छ’ वाटतो आणि दुसरा ‘घरगुती’.

अनुस्वार

पुणेरी पाटी पॉपिन्समध्ये लावली तर अपमान पोचतच नाही. ‘येथे वाहने लावू नयेत’ वाचून उलट चहाला बोलावल्यासारखं वाटतं.

सदरा_साधा

अनुस्वार :)) पण यातच उत्तर आहे. मोठे गोल, उघड्या पोकळ्या, कुठे टोक नाही. बँकेला विश्वासू दिसायचंय, विमा कंपनीला प्रेमळ दिसायचंय, सगळ्यांना एकाच वेळी मवाळ दिसायचंय. मग सगळे एकसारखेच दिसतात. एअरबीएनबी आधी लाइनेतोचा सर्क्युलर वापरायची, २०१८मध्ये स्वतःचा सीरिअल करून घेतला. तोही चुलतभाऊच वाटतो.

वाचनाच्या दृष्टीने या घराण्याची दुखणी ठरलेली आहेत. पॉपिन्सचा लहान ‘ए’ एकमजली आहे, म्हणजे ‘ओ’ला दांडी लावल्यासारखा. लहान आकारात ‘ए’ आणि ‘ओ’ यांत गफलत होते. मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ ही दोन्ही नुसती उभी दांडी. पासवर्ड, कूपन कोड, आयएफएससी, गाडीचे नंबर या जागी तो वापरू नये. तिथे ज्यात ‘आय’ला वर-खाली आडव्या पट्ट्या आहेत असा फॉन्ट घ्या. शिवाय अक्षरं रुंद आहेत. दुसऱ्या फॉन्टमध्ये एका ओळीत बसलेलं बटण पॉपिन्समध्ये दोन ओळींचं होतं, आणि मग लोक आकार १२पर्यंत खाली आणतात. रुंद फॉन्ट बारीक करून वापरणं म्हणजे ढगळ सदरा आखडून घालणं.

बोरू

मूळ शंका देवनागरीबद्दल होती, त्यावर बोलू. देवनागरीचं वळण बोरूच्या तिरप्या कापातून आलंय. लॅटिनमध्ये जी दिशा जाड येते, तिच्या उलट दिशा देवनागरीत जाड येते. त्या जाड-बारीकपणानेच ‘भ’ची गाठ, ‘श’चा वेढा, ‘ज्ञ’ची गुंतवळ सुटी दिसते. सगळीकडे एकच जाडी ठेवली की गाठीत शाई साचते. ट, ठ, ढ, द, ळ, छ यांना वर्तुळ मानवतं. व, ब, क यांनाही थोड्या तडजोडीने. पण ख, ग, झ, ण, श, त्र यांना वर्तुळात कोंबणं म्हणजे वांग्याला टोमॅटो म्हणणं. देवनागरीला भूमिती परकीच आहे, असं माझं मत.

लेणीवाला

बोरू, तुमच्या मताला नालासोपाऱ्याहून उत्तर आहे. तिथे सापडलेले अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ती ब्राह्मी म्हणजे देवनागरीची आजी. तिच्यात ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ, ‘थ’ म्हणजे वर्तुळात टिंब, ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह. छिन्नीने कोरलेली, सगळीकडे सारख्या जाडीची रेषा. आणि आपला आजचा ‘ठ’ अजूनही वर्तुळच आहे, वर देठ आणि शिरोरेषा आली इतकंच.

म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एकजाडीची भूमितीय अक्षरं होती. परका आला तो बोरू :)

बोरू

लेणीवाले, पकडलंत. पण ब्राह्मीत शिरोरेषा नव्हती आणि जोडाक्षरं एकाखाली एक सुटी बसत. अडचण वर्तुळाची कमी आणि गर्दीची जास्त, असं मत सुधारून घेतो. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘ज्ञानेश्वर’ हे पॉपिन्सच्या ब्लॅक वजनात १४ पॉइंटला छापून बघा. पोकळ्या उरतच नाहीत.

मात्राबाई

गर्दीचा मुद्दा बरोबर, आणि तो फॉन्टमध्ये धरलेला आहे, हे न्यायाने सांगायला हवं. पॉपिन्समध्ये रेषा जवळजवळ एकजाडीची असली तरी जोडांवर बारीक केलेली आहे, काटकोन म्हणाले तशीच. आणि उंचीचा मेळ विचारपूर्वक घातलाय: देवनागरी अक्षराची उंची लॅटिनच्या ‘बी’, ‘डी’, ‘एल’च्या उंच दांडीइतकी, लॅटिन कॅपिटल त्याहून बुटकी, आणि लॅटिनची लहान अक्षरं मुद्दाम उंच. म्हणून ‘ईएमआय भरा’, ‘वायफाय मोफत’ असलं मिश्र वाक्य रोमन आणि नागरी दोन्ही अक्षरांत लिहिलं तरी एकाच आकारात ठेवता येतं. दोन वेगळे फॉन्ट जोडले तर हे हाताने करावं लागतं, लॅटिन कधी ९० टक्के तर कधी ११० टक्के.

पण याची किंमत ओळीच्या उंचीत मोजावी लागते. हजार एककांच्या चौकटीत पॉपिन्सने वर १०५० आणि खाली ३५० जागा धरलीय, शिवाय १००चं अंतर. म्हणजे काहीच न सांगता ओळ दीडपट उंच होते. ती जागा ‘र्कीं’सारख्या वरच्या ढिगाऱ्यासाठी आणि ‘द्रू’सारख्या खालच्या लटकंतीसाठी आहे. इंग्रजी पाहून डिझायनर ती १.२वर आणतो, मराठी आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. मराठी मजकुराला १.६ ते १.७, मथळ्याला १.३च्या खाली नको. आणि बटणाला ‘बाहेरचं लपवा’ असा नियम दिला असेल तर ‘पूर्ण’चा रफार हमखास छाटला जातो.

फ्लेक्सवाला

इथे सगळे स्क्रीनवर बोलतायत, बोर्डवर काय होतं ते सांगतो.

मराठी मथळ्याला इलस्ट्रेटरमध्ये बाहेरून पांढरी किनार दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभे काप दिसतात. कारण शिरोरेषा अखंड नसते. प्रत्येक अक्षराचा तुकडा शेजारच्यावर किंचित चढवलेला असतो. किनार दिली की तो चढाव उघडा पडतो. उपाय: आधी मजकुराची एक प्रत जपून ठेवा, मग कंट्रोल-शिफ्ट-ओ करून आउटलाइन करा, पाथफाइंडरमधून युनाइट करा, आणि त्यानंतर किनार द्या. रेडियम किंवा व्हिनाइल कापायचं असेल तर हे केल्याशिवाय फाइल पाठवू नका. प्लॉटर प्रत्येक सांध्यावर पातं फिरवतो आणि शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी सोलून निघते.

ॲक्रिलिकच्या उठावाच्या अक्षरांना मात्र पॉपिन्स सेमीबोल्ड झकास. सगळीकडे जवळपास सारखी जाडी असल्याने आतली एलईडीची पट्टी एकसारखी बसते. जाड-बारीक अक्षरात बारीक जागी पट्टी मावत नाही आणि काळोखे डाग पडतात. दुकानदारांना पॉपिन्स आवडतो त्यामागे हेही कारण आहे, सौंदर्यशास्त्र नंतर.

टिंब

काका, आमच्याकडे वेलांटी अक्षराच्या मागे येते, म्हणजे ‘किती’चं ‘कतिी’सारखं काहीतरी. फॉन्ट खराब?

फ्लेक्सवाला

फॉन्ट नाही, सेटिंग. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याच जागी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. एखाद्या फाइलमध्ये बदललंत तर ते त्या फाइलपुरतंच. इनडिझाइनमध्ये काहीच उघडलेलं नसताना बदललंत तर पुढच्या सगळ्या नव्या फाइलींना लागू होतं.

आणि मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधून आलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पॉपिन्स लावलात की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल.

देठयुक्त

माझं नाव पाहून ओळखलं असेलच मी कशावर येणार ते :) ल आणि श.

हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ आपल्या बोर्डांवर सर्रास असतात. मराठी वळण म्हणजे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’. राज्य शासनाच्या २०२२च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना सांकेतांक एकच आहे, त्यामुळे टाइप करून ती बदलत नाहीत. फॉन्टमध्ये मराठीसाठी पर्यायी रूपं भरलेली असावी लागतात, आणि सॉफ्टवेअरला ‘हा मजकूर मराठी आहे’ हे सांगावं लागतं. वेबवर पानाच्या भाषेच्या खुणेत हिंदीचं ‘एचआय’ राहिलेलं असतं, तिथे ‘एमआर’ करा. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा. नोटो सॅन्स देवनागरीत एवढ्याने ल-श बदलतात. भाषा मराठी करूनही बदलले नाहीत तर त्या फॉन्टमध्ये ती सोयच नाही असं समजा.

टिरो देवनागरी तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असा तीन वेगवेगळ्या नावांनी मिळतो. तिथे हा प्रश्नच येत नाही.

अनुस्वार

‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’. फॉन्टने र खाल्ला तर जेवण कुणी करायचं?

देठयुक्त

अनुस्वार, हसण्यावारी नेऊ नका, हीच खरी चाचणी. रफार आणि चंद्रकोरी र हे मराठीत अर्थ बदलतात: दर्या आणि दऱ्या. टाइप करताना र ऐवजी नुक्त्याचा ऱ, मग पाय मोडायची खूण, मग य. कुठलाही फॉन्ट घ्यायच्या आधी ही ओळ त्यात लावून पाहा:

‘दऱ्याखोऱ्यांतला ऱ्हास, सूर्य, कर्तृत्व, उद्ध्वस्त, राष्ट्र, वाङ्मय, ॲप, ऑक्टोबर, बाळ, लक्ष, शुश्रूषा.’

चंद्रकोरीच्या जागी रफार आला किंवा ॲच्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट मराठी कामाला नको. ॲ युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत तो सापडत नाही. चाचणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये अंतिम काम होणार त्यातच करा. एकच फॉन्ट ब्राउझरमध्ये बरोबर आणि व्हिडिओ एडिटरमध्ये चुकीचा दिसू शकतो.

खिडकी_उघडी

वेबवाल्यांसाठी थोडंसं. गूगल फॉन्ट्सवर पॉपिन्स व्हेरिएबल (सगळी वजनं एकाच फाइलीत असलेला) नाही, प्रत्येक वजनाची फाइल वेगळी. अठराच्या अठरा जोडू नका, ४०० आणि ६०० पुरतात. पण फक्त ४०० जोडून सीएसएसमध्ये ७०० मागितलंत तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटा बोल्ड करतो. देवनागरीत तो लगेच ओळखू येतो, मात्रांच्या पोकळ्या बुजतात. देवनागरीला खोटं तिरपंही करू नका. जोर द्यायला आपल्याकडे ठळक वजन आहे, रंग आहे.

आणि हात जोडून विनंती: मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग देऊ नका. लॅटिन कॅपिटलला अंतर दिलं की रुबाब येतो, देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा कुंपणाचा खांब होतो. उलट बाजूही आहे. पॉपिन्सचं लॅटिन मोठ्या मथळ्यात सैल वाटतं म्हणून उणे दोन-तीन टक्के अंतर देतात. तोच नियम मराठीला लागला की काना पुढच्या अक्षरात घुसतो. शिरोरेषा शाबूत असल्याने चटकन दिसत नाही, पण शब्द घुसमटतो. हा नियम फक्त इंग्रजी भाषेच्या खुणेवर लावा, मराठीला शून्य.

काटकोन

जाता जाता, भाषेपायी घराण्याचा संसार मोडल्याचं उदाहरण: आयकियाने अनेक वर्षांचा फ्युचरा २००९मध्ये सोडला आणि व्हर्डाना घेतला. डिझायनर मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. पण त्यांना छापील सूचीत, संकेतस्थळावर आणि सगळ्या देशांत एकच अक्षर हवं होतं. पॉपिन्सचं गणित तेच, फक्त इथे सोय आणि रूप एकाच ठिकाणी मिळालं.

सदरा_साधा

‘रूप’ लॅटिनचं. देवनागरीचं रूप मथळ्यापुरतं. स्मरणिकेच्या लांब लेखांसाठी अजूनही नाहीच म्हणेन. एकजाडीच्या गोल अक्षरांत शब्दांचे आकार एकमेकांसारखे होतात. ‘बव’, ‘टठढ’ यांचा डोळ्याला फरक करायला वेळ लागतो. चार ओळींत कळत नाही, चार पानांत कळतं.

मात्राबाई

इथे सहमत. फॉन्टचं कौतुक करणं वेगळं आणि तो सगळीकडे फासणं वेगळं. लांब मजकुराला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे, सात वजनांत, लेखणीचं वळण थोडं राखलेला. इंडियन टाइप फाउंड्रीचाच हिंद आहे, पॉपिन्सपेक्षा अरुंद आणि मजकुरासाठीच बेतलेला. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोवेणू आणि यशोमुद्रा आहेत. जुन्या छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर देठयुक्तांनी सांगितलेला टिरो.

जुळारी

आणि टिंबने पहिल्याच प्रतिसादात म्हटलेलं ‘फुकट’ पूर्ण टाकाऊ नाही. पॉपिन्सचा परवाना मुक्त आहे, सिल ओपन फॉन्ट लायसन्स. व्यावसायिक काम, बोधचिन्ह, ॲपमध्ये भरणं, फाइल प्रेसला देणं, सगळं चालतं. नुसता फॉन्ट विकता येत नाही, एवढंच. गॉथम किंवा फ्युचरा घेतला तर छपाई, वेब आणि ॲप यांचे परवाने सहसा वेगळे पडतात. लहान स्टुडिओला त्या हिशेबापेक्षा पॉपिन्स बरा वाटतो. फ्युचरा तर एकाच नावाचे पाच-सात अवतार आहेत, वेगवेगळ्या फाउंड्र्यांचे. प्रेसकडे एक, तुमच्याकडे दुसरा, ओळी सरकल्या की संपलं.

टिंब

बघा, पहिलाच प्रतिसाद बरोबर होता.

अर्धचंद्र

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. सध्याचा विचार: मुखपृष्ठ आणि लेखांचे मथळे पॉपिन्स सेमीबोल्ड, मजकूर मुक्त. देणगीदारांची यादी आणि फोन नंबर कशात? दोन रकान्यांत आहे, नावं मराठीत, नंबर इंग्रजी आकड्यांत.

सदरा_साधा

तेही मुक्तमध्येच. यादीत पॉपिन्स घातलात तर रुंदीमुळे आडनावं खालच्या ओळीवर जातील आणि देणगीदार रुसतील.

फ्लेक्सवाला

मजकूर ११वर, ओळअंतर १७. मॅपलिथो कागद असेल तर मथळ्याला बोल्डच्या वर जाऊ नका, शाई पसरते. पीडीएफ पाठवायच्या आधी एक पान कार्यालयातल्या प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढा, ‘पानात बसवा’वर खूण नको. हात लांब करून वाचा. आणि जेवणाच्या पानावर ‘आचाऱ्यांना’ नीट आलंय का ते बघा.